बांधावरचा फणस

चक्रीवादळात पडलेली झाडं दिवेआगरात वर्षभरात उचलली गेली. माडांची खोडं साकवांना लागली, सुपाऱ्यांचे सोट मांडवांना गेले, आंबा-जांभूळ चुलीत जळले. एक फणस तेवढा राहिला. दत्ताकाका आणि त्यांच्या धाकट्या भावाची विधवा बायको गोदूकाकी, यांच्या वाड्यांमधल्या बांधावर तो उभा होता. पडताना त्याची मुळं काकांच्या बाजूला उपटून वर आली आणि खोड काकीच्या वाडीत आडवं झालं, वाटेतल्या अकरा सुपाऱ्या आणि पाण्याचा पाट मोडून. काका म्हणायचे, मूळ माझ्या जमिनीत, म्हणजे झाड माझं. काकी म्हणायची, पडलं माझ्या वाडीत, नुकसान माझं, तर लाकूडही माझंच. ही दोघं एकमेकांशी झाड पडण्याच्या कितीतरी आधीपासून बोलत नव्हती, म्हणून हे सगळं ती वाटेने येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. साडेतीन वर्षं फणस तिथंच होता.

वाटेने येणाऱ्या-जाणाऱ्यांत हेमाली सुतार रोजची. समुद्राकडच्या दुकानांत लाकडी वाडगे पोचवायला ती त्याच बांधावरून जायची, आणि दर वेळी खोडाकडे बघायची. बुंध्यापासून पहिल्या फांदीपर्यंत सरळ नऊ फूट. तिने ते पावलांनी मोजलं होतं, मग एकदा कुणी नाही असं बघून टेपनेही मोजलं होतं.

तिचं माहेर माणगावच्या बाजूचं, भातशेतीवालं. लाकडाशी संबंध सरपणापुरता. पण लग्न झालं ते सुताराच्या घरात. नवरा स्वप्निल बोर्ली-दिवेआगर मिनीडोर चालवायचा. त्याला रंध्यापेक्षा स्टेअरिंग बरं वाटलं. सासरे भिकूअण्णा मात्र जुने नावाजलेले कारागीर. पलंगाचे कातीव पाय, पाळणे, देवळांचे दरवाजे, सगळं त्यांच्या हातचं. वादळाच्या आदल्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला, मग डाव्याला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी चालणं सुधारलं, हात काही स्थिर झाले नाहीत. एक दिवस पटाशी हातातून निसटून पायावर पडली. अण्णांनी सगळी हत्यारं पुसली, तेल लावून पेटीत ठेवली आणि पेटीला कुलूप घातलं.

ते कुलूप हेमालीने उघडायला लावलं. वादळात घराचं छप्पर गेलं, गावात माणूस मिळेना, तेव्हा अण्णा खाटेवर बसून सांगत गेले आणि ही वासे तासायला, खाचा पाडायला शिकली. छप्पर झालं तरी ती थांबली नाही. पडवीतल्या लाकूड कातायच्या लेथला पूर्वी सासूबाई दोरी ओढून फिरवायच्या. त्या आता नव्हत्या. हेमालीने वाडीतल्या बंद पडलेल्या पंपाची मोटर बोर्लीहून दुरुस्त करून आणली, लेथला पट्ट्याने जोडली आणि वाडगे करायला घेतले.

पहिले वीस वाडगे तडकले.

"ओल्या लाकडाचे केलेस," अण्णा म्हणाले. "लाकूड कापलं म्हणून थांबत नाय. वर्ष-दोन वर्षं हलत राहतं."

मग ती वाडगे आधी जाडसर उतरवून, कागदी पिशवीत भुशात घालून सहा महिने ठेवू लागली आणि वाळल्यावर पुन्हा लेथवर चढवून बारीक करू लागली. तडकणं थांबलं. तर पुण्याच्या एका बाईंचा निरोप आला, वाडग्याला खवट वास येतो. खोबरेलाचा हात दिलेला होता, दुसरं काय होणार. हेमालीने त्यांना नवा वाडगा पाठवला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर लाकडाचे अकरा तुकडे मांडले. प्रत्येकाला वेगळं तेल, आणि दर आठवड्याला प्रत्येकाचा वास. उंडीचं तेल होड्यांना चालतं, पण खायच्या भांड्याला लावायचं नाही, ते वगळलं. दोन महिन्यांनी जवसाचं तेल टिकलं. पातळ हात द्यायचा, पुसून घ्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा, आणि शेवटी मध काढल्यावर उरलेलं मेण. ते मेण डोंगराकडच्या वाडीतली केसर तिला आणून देऊ लागली.

हे सगळं होताना अण्णा खाटेवर असायचे. बघायचे कमी, ऐकायचे जास्त. पटाशी लाकडावर चालताना तिचा आवाज जरा कोरडा झाला की म्हणायचे, "धार गेली." हेमाली थांबून धार लावायची. तीन वर्षांत असं झालं की ते तोंड उघडायच्या आत ती थांबायची.

फणसाचा विषय खरा सुरू झाला तो कल्पितामुळे. कल्पिताचं समुद्राजवळ होमस्टे होतं. वादळाने पार झोपलेलं तिने पुन्हा उभं केलं होतं, आणि हेमालीचे वाडगे तिच्याकडे नेहमी जायचे. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी ओसरल्यावर ती स्वतःच पडवीत आली.

"जेवणघरात एक मोठं टेबल हवंय मला. आठ फूट लांब. सगळे पाहुणे एकत्र बसतील असं. आणि गावातल्याच लाकडाचं. अण्णा, तुमच्या ओळखीत कुणी चांगला सुतार असेल तर सांगा."

अण्णा काही बोलायच्या आत हेमाली म्हणाली, "मी करते."

कल्पिताने तिच्याकडे बघितलं. "हेमाली, वाडगा वेगळा आणि टेबल वेगळं. त्याच्यावर माणसं रेलतात, मुलं चढतात."

"ठाऊक आहे."

"अण्णांचं लक्ष असेल ना?"

"असेल. पण काम माझं असेल."

"बरं. मार्चपर्यंत होईल?"

"पुढच्या दिवाळीनंतर."

कल्पिता हसली. "आणि तोवर पाहुणे काय मांडीवर ताट घेऊन जेवतील?"

"तोवर प्लास्टिकची टेबलं घ्या. लाकूड वाळल्याशिवाय मी हात लावणार नाही. ओल्याचं केलं तर पहिल्या पावसाळ्यात वाकेल, आणि तुम्हीच मला बोलवाल."

कल्पिताने चपला पायात सरकवल्या. "तू कर. पण मी शब्द देत नाही. झाल्यावर बघेन, पटलं तर घेईन."

"चालेल," हेमाली म्हणाली. कल्पिता गेल्यावर अण्णांनी विचारलं, "लाकूड कुठलं?"

"बांधावरचा फणस."

अण्णांनी बांधाच्या दिशेला बघितलं. मग म्हणाले, "लाकूड चांगलं हाय. माणसं कठीण हाईत."

दुसऱ्या दिवशी ती दत्ताकाकांकडे गेली. काका ओटीवर सुपाऱ्या सोलत बसले होते.

"फणस? घेऊन जा की," ते म्हणाले. "फक्त आधी तिच्याकडून कबूल करून घे, की तो माझा हाय. मग लाव कुऱ्हाड."

"तुम्हाला लाकूड हवंय का काका?"

"मला काय करायचंय लाकूड? प्रश्न लाकडाचा न्हाय."

तिथून ती बांध ओलांडून गोदूकाकीकडे गेली. काकीने आधी विचारलं, "त्यांनी पाठवलं तुला?"

"नाही. मी माझ्यासाठी आलेय."

"मग ऐक. पंचेचाळीस वर्षं त्या झाडाचे फणस मी फोडले. गरे मी काढले, रसाची साटं मी वाळवली, पापड मी लाटले. त्यांनी कधी हाताला चीक लागू दिला? आता बी पडलाय तो माझ्याच वाडीत. त्यांनी एकदा यावं नि म्हणावं, गोदू, तुझं हाय, घे. मी एक ढलपी ठेवणार न्हाय. सगळं तू ने."

महिनाभरात हेमाली दोन्हीकडे चार-चार वेळा गेली. काका तेच बोलायचे, काकीही तेच. दोघंही तिला चहा द्यायची. आळीतल्या बायका म्हणू लागल्या की ही वेडी झाली आहे, बोर्लीच्या वखारीत लाकूड मिळत नाही का? मिळत होतं. पण हेमालीने हे खोड रोज बघितलं होतं, आणि ते तिच्या डोळ्यांसमोर सडत होतं. ही गोष्ट तिला सहन होत नव्हती.

पाचव्या वेळी ती पटाशी आणि लाकडी हातोडा घेऊन गेली. काकीला वाडीत बोलावलं आणि तिच्यासमोर खोडावर घाव घातला. वरचं लाकूड रव्यासारखं सुटलं, आतून वाळवी पळाली. आणखी घाव घातले. चार बोटं आत गेल्यावर पिवळाजर्द गाभा लागला. तिने त्याची एक ढलपी काढून काकीच्या हातावर ठेवली.

"गाभ्याला वाळवी लागत नाही सहसा. पण टोकांना भेगा पडल्यात, त्यातून पाणी आत चाललंय. आणखी दोन पावसाळे गेले की यातून पोळपाटसुद्धा निघणार नाही. मग हे कुणाचं होतं ते विचारायला कुणी येणार नाही, काकी."

काकी ढलपीकडे बघत राहिली. "गऱ्यासारखा रंग हाय," एवढंच म्हणाली.

तशीच एक ढलपी हेमालीने काकांना नेऊन दिली. काकांनी ती नाकाशी नेली, नखाने टोकरून बघितली. "आमच्या झोपाळ्याची फळी असलीच होती," ते म्हणाले. "वादळात तिच्यावर भिंत पडली. आता लोखंडी खुर्चीत बसतो."

त्या दुपारी हेमालीने जेवण झाल्यावर भुशात काटकीने खोडाचं चित्र काढलं आणि अण्णांना दाखवलं. "यातली एक फळी दोघांत वाटायची. बाकीच्या आपल्या."

"सारख्या वाट्यावर बी ती भांडतील," अण्णा म्हणाले. "त्यांना वाटा नकोय. आपलं म्हणणं खरं करायचंय."

"मग तेच द्यायचं. ज्याचं जे म्हणणं, त्याला ते."

दुसऱ्या दिवशी ती काकांसमोर उभी राहिली. "नऊ फुटांची एक फळी मी मधोमध कापणार. बुंध्याकडचा अर्धा भाग तुमचा, कारण मूळ तुमच्या जमिनीत आहे. त्याची झोपाळ्याची फळी करून देते. शेंड्याकडचा काकीचा, कारण झाड तिच्या वाडीत पडलं."

"म्हणजे मूळ माझं, हे तिनं मानलं?"

"मूळ तुमच्याकडे आहे हे तिने कधी नाकारलंच नव्हतं, काका. तिचं म्हणणं पडण्याबद्दल आहे. आणि ते तिच्या वाडीत पडलंय हे तुम्ही तरी कुठे नाकारताय?"

काका सोललेल्या सुपारीकडे बघत राहिले. "नि बाकीच्या फळ्या?"

"माझ्या. कापायची, उचलायची, वाळवायची मेहनत माझी. पाटही मीच मोकळा करणार."

"तिची फळी माझ्यापेक्षा रुंद नसली पायजे."

"एकच फळी आहे. कडा सरळ करून मध्ये करवत घातली की दोन. फरक येईल कुठून?"

काकी त्याहून लवकर तयार झाली. तिला मागच्या दारी बसायला बाक हवा होता. एका कागदावर दोघांनी सह्या केल्या, दोन वेगळ्या दिवशी, कागदाच्या दोन टोकांना. सरकारी परवानगीचे कागद व्हायला महिना लागला. जानेवारीच्या अखेरीला माणगावहून राहुल नावाचा माणूस लांब पात्याची मशीन करवत घेऊन आला. खोड वाडीतून उचलण्यासारखं नव्हतं, जागेवरच फळ्या पाडायच्या होत्या.

निघताना अण्णा म्हणाले, "माझी टोपी दे."

हेमालीने खुंटीवरून काढून दिली. दोन वर्षं अण्णा आळीच्या बाहेर गेले नव्हते. चहाचा कप धरला की लोक हाताकडे बघतात, एवढंच कारण. स्वप्निलने त्यांना मिनीडोरमधून वाडीपर्यंत आणलं, खुर्ची टाकून दिली. काका बांधाच्या त्या बाजूला उभे होते, काकी या बाजूला. अण्णांनी दोघांना नमस्कार केला. त्यांचे जोडलेले हात थरथरत होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

खोडाच्या दोन्ही टोकांना बसून त्यांनी गाभा कुठे सरकलाय ते बघितलं आणि हेमालीला दोरी कुठे धरायची ते सांगितलं. तिने रंगाची दोरी ताणून रेघ उमटवली. दोन फळ्या छान निघाल्या. तिसरी मधली होती, सगळ्यात रुंद, अडीच फुटांची. टेबलासाठी हेमालीने हीच मनात धरली होती. करवत दोन फूट आत गेली असेल, तेवढ्यात अण्णा खुर्चीतून अर्धे उठले.

"थांबव त्याला."

हेमालीला काही वेगळं ऐकू आलं नव्हतं. तरी ती पळाली. राहुलने कानांत बोळे घातले होते, त्याला हाक जाईना. ती त्याच्यासमोर जाऊन हात हलवू लागली, तेवढ्यात ठिणग्या उडाल्या आणि करवत खाडकन थांबली. साखळीचे दात गेले होते. पाचर मारून फट उघडली तर आत वीतभर लांब लोखंडी खिळा निघाला. कुणीतरी कधीकाळी गुरं बांधायला ठोकलेला, झाडाने गिळलेला. पाचर मारताना फळी त्या खिळ्यापासून टोकापर्यंत तडकली. सव्वादोन फूट लांब भेग.

"ही गेली, ताई," राहुल घाम पुसत म्हणाला. "दुसरी घ्या."

बाकीच्या सगळ्या अरुंद निघणार होत्या. हेमाली गुडघ्यांवर बसली. भेगेत बोट घालून बघितलं, मग टोकाकडून बघितलं, मग पलीकडून. वर्षभराचं काम सुरू व्हायच्या आधी संपलं असं तिला क्षणभर वाटलं. मग ती उठली.

"नवी साखळी आहे ना तुमच्याकडे? पूर्ण काढा ही. भेगेसकट."

फळ्या घरी आल्या आणि पुढच्या खोलीत रचल्या गेल्या. जमिनीवर विटा, त्यावर फळी, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, त्यावर दुसरी फळी. टोकांना रंग फासला, म्हणजे टोकं आधी वाळून फुटायला नकोत. अर्धी खोली गेली. स्वप्निलला आपली खाट दाराशी ओढावी लागली.

"या घरात माणसं राहतात का फळ्या?" त्याने विचारलं.

"दोन्ही."

तो कुरकुरला. पण पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी फळ्या उलटून पालटून ठेवायच्या असत, तेव्हा दुसरं टोक तोच धरायचा. ओल्या हवेत पांढरी बुरशी यायची, हेमाली ती ब्रशने काढायची. फणसाचा एक छोटा तुकडा तिने वेगळा ठेवला होता. तो ती दर आठवड्याला बोर्लीच्या किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून आणायची. आधी दुकानदार हसायचा. मग तोच आकडा लक्षात ठेवून सांगू लागला. वजन उतरत गेलं, पावसात थोडं चढलं, पुन्हा उतरलं. दिवाळी झाली. डिसेंबरात लागोपाठ तीन आठवडे वजन तेवढंच आलं, तेव्हा ती म्हणाली, "वाळलं."

आधी तिने वाटणीची कामं पुरी केली. झोपाळ्याची फळी काकांच्या ओटीवर टांगली, बाक काकीच्या मागच्या दारी ठेवला. काकांनी बसून दोनदा झोका घेतला आणि विचारलं, "तिची किती रुंद हाय?"

"तुमच्याएवढीच."

काकीने बाकावर हात फिरवला, पदराने पुसलं आणि तोच प्रश्न विचारला. त्यापुढे दोघांचं काही बदललं नाही. बोलणं नव्हतं ते नव्हतंच. फक्त पाट मोकळा झाल्याने काकीच्या वाडीतलं पाणी खाली नीट जाऊ लागलं.

मग टेबल. भेग वाळताना थोडी रुंदावली होती. हेमालीने अण्णांना विचारलं, "ही पुढे जाऊ नये म्हणून काय करायचं?"

"देवळाच्या दारांना आम्ही आतून डमरू बसवायचो," अण्णा म्हणाले. "कठीण लाकडाचा, मध्ये बारीक, दोन्ही टोकांना रुंद. भेगेच्या आडवा. तो दोन्ही बाजू धरून ठेवतो. पण आतून. बाहेरून कुणाला दिसायला नको."

"वरून बसवला तर जास्त धरेल?"

अण्णांना हे आवडलं नाही. जोड दिसू न देणं हीच त्यांच्या कामाची प्रतिष्ठा होती. पण खोटं बोलणंही त्यांना जमायचं नाही. "धरेल," ते म्हणाले.

तिने जुन्या मोडक्या पलंगाच्या शिसवी पायातून डमरू कापले. पहिला खाचेत सैल बसला. दुसरा घट्ट झाला आणि ठोकताना फुटला. तिसऱ्याची खाच तिरकी गेली, ती मोठी करून पुन्हा नवा कापावा लागला. चौथ्याला आवाज बदलला, ठोका भरीव आला. अण्णा खाटेवरून म्हणाले, "बसला." असे तीन बसवायला पाच दिवस गेले. पाय तिने त्याच फणसाचे कातले.

टेबल उभं राहिलं, रंधा मारून झाला, तेव्हा कल्पिता बघायला आली. पिवळ्या फळीवरचे तीन काळे डमरू तिने लांबूनच बघितले.

"हे काय, ठिगळं?"

"भेग पुढे जाऊ नये म्हणून."

"भेगेत लांबी-पुट्टी भर ना. वरून चकचकीत पॉलिश मार, दिसणारसुद्धा नाही."

"आत्ता दिसणार नाही. दोन वर्षांनी लांबी सुटेल. पाहुण्यांचा हात त्या भेगेवरून फिरेल, आणि ते विचारतील कुणी केलंय."

"हेमाली, मला नवीन टेबल हवं होतं. दुरुस्त केलेलं नाही." कल्पिता रागावली नव्हती, पण तिचा चेहरा उतरला होता. "मी जरा विचार करते."

ती गेल्यावर स्वप्निलने विचारलं, "तिने नाही म्हटलं तर?"

"तर दुसरं कुणी घेईल. नाहीतर आपण त्याच्यावर जेवू."

"आपण तिघं. आठ फुटांवर."

"लांब-लांब बसू," हेमाली म्हणाली आणि पॉलिश पेपर हातात घेतला.

आठ दिवस ती फक्त घासत होती. आधी खरखरीत कागद, मग मधला, मग बारीक. मशीनने मधला भाग पटकन झाला असता, पण कडा मशीन खाते, म्हणून हाताने. मग ओल्या फडक्याने फळी पुसायची, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात, आणि वाळल्यावर ते पुन्हा घासायचे. खांदे भरून आले. एका दुपारी ती म्हणाली, "झालं," आणि अण्णांना खाटेवरून उठवून टेबलाशी आणलं.

अण्णांनी डोळे मिटले आणि तळहात फळीवर टेकवला. हात टेकला आणि सरकू लागला तशी त्याची थरथर कमी झाली. हेमालीने ते बघितलं. हात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला, डाव्या कडेशी थांबला.

"इथं."

तिला डोळ्यांनी काही दिसेना. बोट फिरवलं तेव्हा लागलं, जोंधळ्याच्या दाण्याएवढा खडबडीत ठिपका. तिने कागद घेतला. अण्णा उभेच राहिले. तिचं झाल्यावर त्यांनी पुन्हा हात फिरवला, मग आणखी दोन जागा दाखवल्या. संध्याकाळचं ऊन पडवीत आलं तेव्हा ते म्हणाले, "आता तेल दे."

जवसाचं तेल फडक्याने फळीवर फिरलं तसा रंग उठला. वाळून फिकट झालेला गाभा पुन्हा पिकलेल्या गऱ्यासारखा झाला, आणि त्यात शिसवी डमरू काळेभोर, रेघ न् रेघ नीट. पातळ सहा हात दिले, प्रत्येक हात वाळायला तीन-चार दिवस. शेवटी केसरचं मेण चोळलं. फेब्रुवारी संपत आला होता.

कल्पिता न बोलावता आली. बहुतेक तिने कुणाकडून ऐकलं असावं, कारण ती सरळ पडवीत शिरली आणि टेबलाशी उभी राहिली. तिने हात फिरवला. खाली वाकून कडा बघितल्या. टेबलाच्या एका टोकाला दोन्ही हात टेकून आपलं सगळं वजन टाकलं. टेबल हललं नाही. मग ती भेगेपाशी आली आणि डमरूंवरून बोट फिरवत राहिली.

"हे आणखी दोन बसवता येतील?" तिने विचारलं. "या टोकाला. म्हणजे दोन्हीकडे सारखं दिसेल."

"त्या टोकाला भेग नाही."

"दिसायला बरं, म्हणून म्हटलं."

"जिथे भेग नाही तिथे नाही बसवणार," हेमाली म्हणाली.

कल्पिताने डमरूवरचं बोट उचललं. मग हसली. "बरं. आहे तसं पाठव. होळीच्या आधी."

टेबल न्यायला स्वप्निलच्या ओळखीचा टेम्पो आला. पाय सुटे करून फळी गोधड्यांत गुंडाळली. जेवणघराच्या दारातून ती आडवी जाईना, उभी करून तिरकी घालावी लागली, आणि सहा माणसांना हेमाली एकसारखी सांगत होती, "कड सांभाळा, कड सांभाळा." आत नेऊन तिने स्वतः पाय बसवले, पातळी बघितली, एका पायाखालून कागदाएवढी जाडी रंध्याने काढली. अण्णा खुर्चीत बसून बघत होते. या वेळी टोपी त्यांनी मागितली नव्हती, सकाळपासून घालूनच बसले होते.

दुपारी कल्पिताकडे डोंबिवलीहून आलेलं एक कुटुंब होतं, नऊ माणसं. कल्पिताने हेमालीला आणि अण्णांनाही त्याच पंगतीला बसवलं. तांदळाची भाकरी, पापलेटचं कालवण, सोलकढी. कुणीतरी विचारलं टेबल कुठून आणलं, आणि कल्पिता म्हणाली, "इथलंच. ही बसलीय समोर, हिने केलंय." हेमालीने भाकरीचा तुकडा मोडला.

एवढ्यात एका छोट्या मुलीचा पेला कलंडला. सोलकढी फळीवर पसरत भेगेकडे गेली. तिची आई गडबडीने उठली, कल्पिता फडकं घेऊन धावली आणि घाबऱ्या नजरेने हेमालीकडे बघू लागली.

"सावकाश पुसा," हेमाली म्हणाली. "जेवायलाच केलंय."

कल्पिताने पुसलं. फळीवर फिकट गुलाबी छटा उरली, तळहाताएवढी. हेमालीने अंगठ्याने ती चोळून बघितली. थोडी गेली, थोडी राहिली. पाऊस संपला की एकदा तेलाचा हात द्यायला यावं लागेल, तिने मनाशी ठरवलं, आणि त्या मुलीच्या पेल्यात पुन्हा सोलकढी ओतली.